सितारामचा उजवा हात

सिताराम नकाशे काढायचा. परभणीत वसमत रोडला माणिकराव इंजिनियरच्या ऑफिसात बावीस वर्षं त्यानं ट्रेसिंग पेपरवर शाईनं रेघा ओढल्या आणि त्या रेघांवर अर्ध्या गावाची घरं उभी राहिली. त्याच सितारामचा उजवा हात आता थरथरायला लागला होता. थोडाथोडका नाही, बशीत कप वाजायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं तपासून स्पष्टच सांगितलं, हे वाढत जाणार, बरं होणार नाही.

आणि दारू? नाव काढू नका! पंचशील पाळणारा माणूस तो. पण लोकांना कोण समजावणार? हात कापतो म्हणजे पितो, हे त्यांचं ठरलेलंच. म्हणून सिताराम लपवायचा. डाव्या हातानं उजवं मनगट आवळायचं, श्वास रोखायचा आणि रेघ ओढायची. वाकडी गेली की ब्लेडनं खरडायची. खरडून खरडून कागदाला भोकं पडायला लागली तेव्हा मात्र त्याची पाचावर धारण बसली.

"साहेबाला सांगून टाका की वो," त्याची बायको मालनबाई म्हणायची.

"सांगतो अन् घरी बसतो! ज्याचा हात कापायलाय त्या माणसाला नकाशे काढायला कोण ठेवतंय? तू ठेवशील?" तो तिच्यावर खेकसायचा. मग आपणच ओशाळायचा.

माणिकराव वारले. त्यांचा पोरगा बन्सीधर पुण्याहून शिकून आला आणि बापाच्या खुर्चीत बसला. विद्यापीठाचा नामविस्तार होऊन महिना झाला असेल नसेल, त्यानं ऑफिसात कॉम्प्युटर आणला. हार घातला, नारळ फोडला आणि तिसऱ्याच दिवशी नकाशे काढणाऱ्या दोघांना घरी पाठवलं. सिताराम तेवढा ठेवला, बापाचा जुना माणूस म्हणून.

"काका, आठ दिवस देतो," बन्सीधर म्हणाला. "आमच्या परसात आईला शेड पाहिजे. लाकूडफाटा, गवऱ्या, जुन्या बाजा ठेवायला. त्या शेडचा नकाशा ह्या कॉम्प्युटरवर काढा. जमलं तर तुमी ऱ्हाताल. न्हाई जमलं तर माझा नाइलाज हाय."

चार दिवस त्या माऊसनं सितारामला अक्षरशः रडवलं. त्याच्या हाताखाली पडद्यावरची खूण नुसती भिरभिरायची. कोपरा धरायला जावं तर भिंत भलतीकडंच. बन्सीधर केबिनमधून बाहेर आला की हा हात मांडीवर घेऊन विचार करत असल्याचं सोंग करायचा.

पाचव्या दिवशी कॉम्प्युटरसोबतचं पुस्तक चाळता चाळता त्याला पडद्यावर ठिपक्यांची जाळी आणायची युक्ती सापडली. इथं एक टिचकी, तिथं एक टिचकी, मधली रेघ मशीननं ओढली. सरळ! वर्षभरात त्याच्या हातून निघाली नव्हती इतकी सरळ. टिचकी जरा इकडंतिकडं पडली तरी जवळच्या ठिपक्यावर आपसूक जाऊन बसायची. सितारामचे डोळे भरून आले. अरे, ह्या डबड्याला हात नकोच होता! डोकं पाहिजे होतं, आणि डोकं तर त्याचं शाबूत होतं.

मग त्यानं शेड काढली ती अशी. बारा बाय दहा. पत्र्याचा उतार आपल्याच परसाकडं, शेजाऱ्याच्या भिंतीवर पाणी गेलं की भांडणं. दार चांगलं साडेतीन फुटी, म्हातारीला बाज आत-बाहेर करता आली पाहिजे. गवऱ्यांना ओल लागू नये म्हणून आत दीड फुटाचा ओटा. नुसतं मशीन येणाऱ्याला हे सुचायची मजाल आहे?

आठव्या दिवशी, लाईट जायच्या आत, नकाशा छापून निघाला. बन्सीधर बघतच राहिला.

"काका, कमाल केली तुमी! आता सगळी कामं तुमच्याकडंच." त्यानं खिशातला पेन काढून पुढं केला. "खाली सही करा. नगरपालिकेत काढणाऱ्याची सही लागते."

मनगट आवळायला सितारामचा डावा हात पुढं यायच्या आत उजव्या हातानं पेन धरला होता, आणि बन्सीधर समोरच उभा. पहिलं अक्षर सुरू झालं आणि सुटलं ते थेट शेडच्या भिंतीतून आरपार गेलं.

बन्सीधरनं त्या हाताकडं पाहिलं. मग तोंडाकडं.

"काका, दिवसाढवळ्या?"

सितारामच्या जिवाची नुसती तगमग झाली. खरं सांगावं तर दुखणं बरं होणारं नाही, म्हणजे आजच घरी. पिणाऱ्याला निदान सोड म्हणता येतं. सिताराम खाली मान घालून म्हणाला, "चुकलं साहेब. आजपास्नं सोडतो."

नकाशा चुरगाळून बन्सीधरनं दुसरा छापायला लावला.

"वडलांचे माणूस तुमी, म्हणून एवढा डाव माफ. ह्याच्यावर सही मी करतो. पण महिन्याभरात हात थांबला पाहिजे, काका."

"थांबंल साहेब," सिताराम म्हणाला.