चौथ्या वहीतली पणती

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी फिजिक्स शिकवते... म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

आता वर्गात टॅब्लेट धरला की बाकावर ग्रह फिरताना दिसतात. नव्वदच्या दशकात, तंजावरच्या आमच्या शाळेत, त्या जागी एक काच होती. काच उभी करायची. अलीकडे, खोक्याआड, पेटती मेणबत्ती. पलीकडे तेवढ्याच अंतरावर पाण्याचा ग्लास. समोर बसलेल्या मुलींना ज्योत पाण्यात जळताना दिसते. प्रयोग अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते त्याच शाळेत आयुष्यभर शिकवत होते.

अप्पा गेले. दहा दिवस त्यांच्यासाठी पणती तेवत ठेवायची होती. सातव्या दिवशी दुपारी माझी पाळी असताना मला डुलकी लागली आणि पणती विझली. मी गुपचूप परत लावली. तिरुवैयारुहून आलेल्या आत्यालाही सांगितलं नाही. पण ते टोचत राहिलं.

तेरावा झाल्यावर शाळेत गेले. नववीचा वर्ग. मी काचेमागे, ग्लासजवळ उभी — तिथून प्रतिबिंब दिसत नाही, आणि माझं लक्ष मेणबत्तीकडे नाही, मुलींकडे होतं.

"दिसतंय का गं?"

"दिसतंय, टीचर! बोट घाला ना पाण्यात!"

घातलं. "ऐयो!" सगळा वर्ग ओरडला. बऱ्याच दिवसांनी मी हसले. मग गंमत उघड करायला खोकं उचललं.

मेणबत्ती कोरी होती. वात पांढरीशुभ्र. मी ती पेटवायचीच विसरले होते; काडेपेटी माझ्या पर्समध्येच राहिली होती.

"इतक्यात कधी विझवलीत, टीचर?" पुढच्या बाकावरची म्हणाली. मी काहीतरी उत्तर दिलं.

दुपारी वह्या तपासायला घेतल्या. आकृतीत, पाण्यात, पणती काढलेली. पहिल्या तीन वह्यांवर मी लाल शाईने 'मेणबत्ती!' असं लिहिलं. चौथीतही पणतीच... शेजारणीचं बघून काढली म्हणावं, तर ही मुलगी शेवटच्या बाकावर एकटी बसायची. पेन खाली ठेवलं.

संध्याकाळी आत्याला सगळं सांगितलं. पणती विझल्याचंही. ती कॉफी ओतत होती.

"विझली तर विझली," ती म्हणाली. "माझ्या भावाने कधी तास चुकवलाय का गं?"

पुढे कितीदा तरी न पेटवलेली मेणबत्ती ठेवून, काचेसमोर बसून पाहिलं. नुसतं पाणी दिसतं. कारण मला अजून सापडलेलं नाही. आत्याशी बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या तीन वह्यांवरची लाल दुरुस्ती मात्र मी खोडली, आणि बरोबरची खूण केली.