नवसाच्या पदवीचा सर्व्हे

तिसरा ओहोळ ओलांडला तेव्हा मोहिनीने चपला हातात घेतल्या आणि वजनकाट्याची पिशवी नवसाच्या डोक्यावर गेली. सुरगाण्याहून आलेली जीप त्यांना फाट्यावर सोडून गेली त्याला दीड तास होऊन गेला होता.

"अजून किती गं?"

"ती टेकडी दिसते ना, तिच्या मागं."

"मघाशीही टेकडीच्या मागंच होतं."

"मघाशी टेकडी दुसरी होती," नवसा म्हणाली. "अंबडची पोर तू. तुमच्याकडं कंपनीची बस दारात येते. चाल आता, पडशील कुठं तरी."

सत्त्याण्णव सालचा भाद्रपद होता. गणपतीची सुट्टी लागली होती. दोघी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होत्या. पदवी मिळायला काय काय पुरं करावं लागतं ते मॅडमनी पहिल्याच वर्षी फळ्यावर लिहिलं होतं. नवसाने ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं आणि जे जे होईल त्याच्यापुढे खूण करत आली. रसायनाचं प्रॅक्टिकल दुसऱ्या खेपेला सुटलं, दवाखान्याच्या स्वयंपाकघरातले तीन आठवडे तिने तापातही बुडवले नाहीत, हजेरी तर कधी चुकलीच नाही. आता राहिला होता आहाराचा सर्व्हे. सहा घरं, सलग तीन दिवस. शिजवण्याआधी कच्चं धान्य तोलायचं, मग प्रत्येकाचं वाढलेलं ताट, आणि जेवण झालं की ताटात उरलेलं. हा झाल्याशिवाय जर्नलवर सही नाही, आणि सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. सोबतीला एक मैत्रीण, तिचीही सही प्रत्येक पानावर. मोहिनीचा सर्व्हे अंबडच्या कामगारांच्या चाळीत झाला होता, तेव्हा नवसा सोबतीला होती. आता मोहिनीची पाळी.

नवसा आश्रमशाळेत शिकली. तिचा बाप सोमा दिवाळी झाली की आई भागीबाईला घेऊन नाशिकच्या बाजूला द्राक्षबागांवर कामाला जायचा, तो होळीलाच परतायचा. पाड्यातून कॉलेजला गेलेली ती पहिलीच मुलगी. वर्गात एकदा मॅडम नागलीतलं, म्हणजे नाचणीतलं, कॅल्शियम सांगत होत्या, शंभर ग्रॅमला तीनशे चव्वेचाळीस मिलीग्रॅम, दुधापेक्षाही जास्त, आणि ही मागच्या बाकावर हसायला लागली. मॅडमनी उभं केलं. म्हणाली, "मॅडम, हीच भाकर डब्यात आणली म्हणून पोरी मला काळी भाकर म्हणतात. आता तिच्यावर मार्कं आहेत म्हटल्यावर पाठ करतायत." त्या दिवशी मोहिनी तिच्या शेजारी येऊन बसली, ती तेव्हापासून तिथेच बसत राहिली.

पाड्यावर पोचल्या तर अंगणात निम्मा पाडा जमलेला. नवसाचा भाऊ चंदर याने सगळीकडे सांगून ठेवलं होतं की नवसा परीक्षेचा काटा घेऊन येणार. चंदरची बायको बायडा हिने कडेवरच्या पोराला खाली ठेवून पाय धुवायला पाणी आणलं. सहावा महिना होता तिचा. पोट तेवढं दिसत होतं, बाकी अंगावर काही नव्हतं. मोहिनीने तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, शिकवलं होतं तसं. आत पांढरं फटक.

"काय दिसलं, ताई?" बायडाने विचारलं.

"रक्त कमी आहे वहिनी तुमचं."

"मग काय, जरा उसनं देऊन जा तुमचं. तुम्ही लय गोऱ्यागोमट्या," असं म्हणून ती हसली.

भाद्रपदातलं डोंगरातलं पोट वेगळं असतं. भात पोटरीत आलेलं असतं, पण घरातल्या कणग्या खाली झालेल्या असतात. हे नवसाला माहीत होतं, म्हणूनच तिने हा महिना निवडला होता. खरं काय ते कागदावर येऊ दे, असं ती जीपमध्ये म्हणाली होती. पण पाड्याने काट्याचा अर्थ आपल्या परीने लावला. तिथल्या माणसांनी वजनकाटा पाहिला होता तो अंगणवाडीत. मूल वजनदार भरलं की ताई शाब्बास म्हणायच्या, हलकं भरलं की आईला बोलणी बसायची. तेव्हा ताट जड भरलं तर नवसा पास, हलकं भरलं तर नापास, हे कुणी कुणाला शिकवायला लागलं नाही. शेजारची कुसाबाई तर पहिल्याच दिवशी म्हणाली, "आमच्या ताटापायी पोर नापास झाली असं नको व्हायला."

पुरुष आणि पोरं आधी जेवत, बायका सगळ्यांच्या मागून. सहा घरं गाठायची तर बायकांचं जेवण होईपर्यंत थांबायला सवड नव्हती. म्हणून दोघी बायकांची ताटं आधीच वाढायला लावून तोलत आणि पुढच्या घरी जात. उरलेल्याचं वजन तेवढं राहून जाई. नवसा म्हणाली, "इथं कुणी ताटात टाकत नाय, शून्य लिही." मोहिनीने शून्य लिहिलं.

पहिल्या दिवशी बायडाच्या ताटात तीन भाकऱ्या आणि उडदाचं कालवण होतं. भाकऱ्या चारशे वीस ग्रॅम. त्यातल्या वरच्या भाकरीची कड तुटलेली होती आणि मधोमध तव्याचा काळा डाग होता. मोहिनीला ती एवढ्यासाठीच लक्षात राहिली. दुसऱ्या दिवशी कुसाबाईच्या सुनेच्या ताटात तीच भाकरी होती. तीच कड, तोच डाग. मोहिनीने ती उचलून पाहिली, तर फळकुटासारखी वाळलेली. दारात बायडा उभी होती, शेजारणीकडे विस्तव मागायला आलेली. दोघींची नजरानजर झाली. बायडाने मान अगदी थोडी हलवली, नको म्हणाल्यासारखी, आणि पदर तोंडाशी नेला.

नवसा पाठमोरी बसून आकडे उतरवत होती. "किती?" तिने विचारलं.

मोहिनीच्या मनात आलं, आता सांगावं. पण सांगितलं तर काय? तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून. सुट्टी संपत आलेली. आणि या बाया त्याच भाकऱ्या तोलण्यापुरत्या घरोघर फिरवतायत त्या नवसासाठीच, त्यांना चारचौघांत उघडं कसं पाडायचं?

"चारशे पंधरा," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिने भाकऱ्यांकडे पाहिलंच नाही. निघताना बायडाने दोघींच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "पास झाली की पेढे घेऊन या. मला दोन, याला एक," आणि पोटावर हात ठेवला.

मार्गशीर्षात हॉस्टेलवर फोन आला. बायडाच्या कळा पहाटेच सुरू झाल्या होत्या. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. माणसांनी तिला डोलीत घालून तीन ओहोळ ओलांडून फाट्यावर आणलं. जीप उभी होती. चंदरने तिला आत घेतलं, तोवर ती गेली होती. अंगात रक्तच नव्हतं, होतं तेही वाहून गेलं.

मोहिनी त्या संध्याकाळी खोलीतल्या देवाच्या तसबिरीपुढे बसली. रोजचा हरिपाठ तिला तोंडपाठ होता, पण एक ओळ म्हणून पुढची आठवेना. तिने नुसतेच हात जोडून ठेवले.

नवसा तेराव्यानंतर परत आली. बोलायची कमी, लिहायची जास्त. भागीबाई त्या साली पुन्हा बागेवर गेली नाही. नातीला शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजत घरीच राहिली, एवढं नवसाने सांगितलं.

जानेवारीत मॅडमनी जर्नल तपासलं आणि वर्गासमोर नवसाचं कौतुक केलं. डोंगरातल्या गरोदर बाईला नागलीतून पुरेसं लोह मिळतं, हे किती छान आलंय म्हणाल्या. हा तक्ता आपण जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला पाठवू, त्यांना कुठल्या पाड्याला जादा आहार द्यायचा ते ठरवायचं आहे. उद्या सकाळी सही करून देते.

तास सुटल्यावर नवसा व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. मोहिनी शेजारी बसली. गंगापूर रोडवरून रिक्षा जात-येत होत्या.

"नवसा, मला एक सांगायचंय," मोहिनी म्हणाली. "ती भाकरी. कुसाबाईच्या घरी..."

"डागाची," नवसा म्हणाली.

मोहिनीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"मी त्याच घरात वाढले, मोहिनी. कुणाच्या चुलीवरची भाकरी कुठली ते मला वासावरून कळतं. पीठ पाऊण किलो आणि भाकऱ्या दोन किलोच्या वर, कसा मेळ बसेल? मी हॉस्टेलवर बसून पिठाचा रकाना उलटा भरला, भाकरीवरून पीठ. वहिनी एक भाकरी खायची. त्यातलीही अर्धी पोराला द्यायची. मला वाटलं, सही होऊ दे, पदवी येऊ दे, मग नोकरी लागल्यावर तिलाच गोळ्या घेऊन जाईन."

"मीही पाहिलं होतं. मीच गप्प बसले."

"दोघी गप्प बसलो. पाड्यात अजून चौघी जणी पोटुशा हायत. कुसाबाईची सून त्यातली एक." नवसाने जर्नल मांडीवर उघडलं. बायडाचं पान निघालं. तळाशी दोघींच्या सह्या होत्या. "हा तक्ता गेला की त्यांना कुणी काही देणार नाय."

"सांगितलं तर वर्ष जाईल तुझं," मोहिनी म्हणाली. "माझंही."

"तुझंही. म्हणून तर विचारते." नवसाने पान मिटलं नाही. "मी मघाशी मॅडमच्या दारापर्यंत जाऊन आले. वहिनीचं नाव तोंडातून निघेना. तू सांग त्यांना, मोहिनी. ती काय खायची ते जसंच्या तसं सांग, आणि आपण काय लिहिलं तेही. मी शेजारी उभी राहते. सांगशील?"