खिंडीतला सोमवार

माझ्या धाकट्या भावाने पेरू देशातल्या डोंगरांतून शेवटचं पत्र लिहिलं, ते मी आईला पूर्ण वाचून दाखवलं नाही. आई जाऊन आता दोन वर्षं झाली. दुखावलं जाईल असं कोणी राहिलेलं नाही, म्हणून लिहितो. लिहून हलकं वाटेल, अशी आशा मला नाही.

आम्ही खानदेशातले. वडील सुरतेला साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम करायला आले आणि साच्यावरच संपले. मी शिकलो, उधन्याच्या मराठी शाळेत मास्तर झालो. भावाची शाळा सातवीनंतर सुटली, पण त्याच्या हाताला अक्कल होती. शहराबाहेरच्या सचिन या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापडखात्यात तो साचे बसवायचा, बिघडलेले दुरुस्त करायचा. साचा नुसत्या आवाजावरून कुठे अडतोय ते तो सांगे. शेठ त्याला 'डॉक्टर' म्हणायचा.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी सगळी सुरत पळाली तसे आम्हीही गावी पळालो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आईने तेव्हा नवस केला, की माझी दोन्ही पोरं धड राहिली तर तिघं मिळून वर्षभर सोमवार धरू. दिवसभर फक्त पाणी, संध्याकाळी दिवा लावल्यावर एकदाच जेवण. आम्ही धड राहिलो. मी दोन-तीन महिन्यांत सोमवारी शाळेत गुपचूप चहा-बिस्किट घ्यायला लागलो. भावाने मात्र एकही मोडला नाही. बारा तास साच्यांत उभं राहून तो रिकाम्या पोटी घरी यायचा आणि आधी दिवा लावायचा.

पुढच्या वर्षी शेठने सुरतेत बनलेले साचे पेरूला विकले. ते बसवायला आणि वर्षभर चालवून द्यायला दोन माणसं पाठवायची होती. भाऊ आणि सुरतेजवळच्या कामरेजचा एक गुजराती सोबती, असं ठरलं. नवसाचं वर्ष सरलं तरी आईने घरातले सोमवार चालूच ठेवले होते. निघताना तिने त्याला दारात थांबवलं.

"तिठे कोनी बघाले नही," ती म्हणाली. "तरी सोमवार धरशी ना?"

"तू आठून बघस ना," तो हसला. "मंग कसा मोडू?"

"हासू नको. परत येवालगून धर. तुले काही व्हवाव नही."

मी शेजारी त्याची बॅग धरून उभा होतो. परक्या देशात उपास कसले, एवढं म्हणायला माझं शिक्षण पुरेसं होतं. मी म्हणालो नाही, कारण माझ्या चहा-बिस्किटांची गोष्ट निघाली असती.

तिकडे जाऊन चार महिने झाले आणि तो वारला. सचिनहून शेठचा माणूस आला आणि 'तब्येत जरा जास्त आहे' असं म्हणाला. तसं म्हणतात तेव्हा माणूस गेलेलाच असतो, हे आईलाही माहीत होतं. तिने लगेच चूल विझवली. तिकडच्या मिलच्या मालकाने दोघांना चार दिवसांच्या सुटीत डोंगरात फिरायला धाडलं होतं, सोबत वाटाड्या दिला होता, आणि चौथ्या दिवशी उतरताना भावाच्या छातीत पाणी भरलं, असं नंतर कळलं. सोबत्याने तिथेच अग्नी दिला. मी शेठकडे गेलो तेव्हा त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाला, "मास्तर, बहु खराब थयुं. पण ए कामपर नहोतो ने. ए तो फरवा गयेलो."

कामावर नव्हता, फिरायला गेला होता, म्हणजे भरपाई नाही. चार महिने त्याने सुटी घेतली नव्हती.

तेराव्याला चार-पाच दिवस झाले असतील. पोस्टमन आला आणि पाकीट पुढे करताना स्वतःच घुटमळला. पाकिटावर भावाचं अक्षर होतं. सोबत्याने ते त्याच्या सामानात सापडल्यावर पोस्टात टाकलं होतं. आई चुलीपासून उठून धावत आली, पण मामाने हात आडवा केला. मामा गावाहून दिवसांसाठी आले होते आणि अजून आमच्याकडेच होते.

"घरम्हा लेवानं नही," मामा म्हणाले. "दुःखनी चिठ्ठी शे."

आमच्याकडे मयताची खबर देणारं पत्र घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं. ठेवलं तर दुःख घरात मुक्काम करतं, असं मानतात. पण ती रीत दुसऱ्याच्या मयताची खबर देणाऱ्या कार्डाला होती. हे माझ्या भावाने जिवंत असताना लिहिलेलं पत्र होतं.

"मामा, हे मयताचं पत्र नाही," मी म्हणालो.

"मग कोनं शे? लिखनारा कोठे शे आते?" मामांनी विचारलं. "तू पुस्तकं वाचस, भाचा, ठीक शे. घर आमले बी कळस."

आई म्हणाली, "आठेच वाच. पन पुरं वाच."

मी ओट्यावर बसलो. आई उंबऱ्याच्या आत, मामा खांबाला टेकून. मिलच्या छापील कागदांच्या पाठीवर निळ्या पेनाने लिहिलेले पाच कागद होते. शेवटच्या कागदावरची अक्षरं तिरकी गेली होती.

एकदाच वाचलं, तरी मला ते पत्र अजून पाठ आहे. पहिल्या दिवसाचं त्याने मजेत लिहिलं होतं. मिल समुद्राकाठी, तिथून बसने एका दिवसात एवढं वर आलो की कानात दडे बसले. वाटाड्या म्हातारा आहे, उंचीने आपल्या मामाएवढा, कान झाकणारी लोकरीची टोपी घालतो. सामान गाढवांवर आहे आणि माणसं पायी, असा इथला न्याय. वाटेत उंटाच्या तोंडाच्या मेंढ्या दिसतात. त्या आपल्याकडे शेठसारखं बघतात. हे वाचताना मामा हसले आणि लगेच गप्प झाले.

मग तळ्यांचं होतं. 'पहिलं तळं दिसलं तेव्हा मला वाटलं, वर कोणीतरी रंगाचं पिंप उलटं केलंय. आपल्या बाजारात रामा म्हणतात ना, तोच निळसर हिरवा रंग. पण साडीवरचा रामा दोन धुण्यांत उतरतो. हा बर्फातून निघतो आणि उतरत नाही. दुसरं तळं त्याच्याही वर, काळंच दिसतं. वाऱ्याने पाणी हलतं तेव्हा मोरपंखी होतं. आईला सांग, असं पाणी मी पाहिलं. हात घातला तर बोटं दुखली.'

आई म्हणाली, "बोटं दुखनी?"

"थंडीनं," मी म्हणालो.

"पुढे वाच."

पुढचा कागद सोमवारी संध्याकाळी तंबूत लिहिलेला होता. त्याची पहिली ओळ मी डोळ्यांनी वाचली आणि तोंडाने दुसरंच बोललो. त्या कागदावर असं होतं:

'दादा, आज सोमवार. आज खिंड ओलांडायची होती, सगळ्यात उंच. डोकं कालपासून दुखतंय. म्हाताऱ्याने सकाळी कसली तरी पानं दिली, चावायची, म्हणजे दम लागत नाही. पण ही पानं उपासाला चालतात का, ते विचारणार कोणाला? सोबत्याला विचारलं तर म्हणतो, फराळी छे के नथी, मने शुं खबर, तारा महादेवने पूछ. मी घेतली नाहीत. मग म्हातारा पाव घेऊन आला. त्याने तो मोडून अर्धा स्वतः घेतला, अर्धा मला दिला, आणि खुणेने सांगितलं, खाणार नाहीस तर वर नेणार नाही, खाली जा. खाली गेलो तर सगळ्यांचीच सहल बुडते. मी पाठ वळवली, पाव कोटाच्या खिशात टाकला आणि त्याला रिकामे हात दाखवले. तो हसला, पाठीवर थाप मारली. खिंडीत त्याने दगडाखाली तीन पानं ठेवली आणि हात जोडल्यासारखं केलं. त्यांचाही देव असणार. भाषा येत असती तर मी माझाही सोमवार सांगितला असता. आता दिवेलागणीची वेळ झाली, पण घास उतरत नाही, सगळं उलटून पडतंय. पाव खिशातच आहे. उद्या उतरणच आहे. आईला सांग, मोडला नाही.'

एवढं होतं. खाली सही होती.

मी मोठ्याने म्हणालो ते असं: 'खिंड ओलांडली. खूप उंच आहे. डोकं थोडं दुखतंय. वाटाड्याने खिंडीत देवाला हात जोडले, मीही जोडले. उद्या उतरण. आईला नमस्कार.'

मला धडा वाचायची सवय होती. आवाज कुठे अडला नाही.

मामांनी हात पुढे केला. मी कागद दिले. त्यांनी ते उभे फाडले, आडवे फाडले, आणि आमच्या वस्तीमागच्या खाडीवर जाऊन टाकून आले. शिकलेला माणूस असूनही मी त्यांना अडवलं नाही, याची खंत मी नंतर पुष्कळांना सांगितली. लोक मान हलवायचे आणि अडाणी चालीरीतींना नावं ठेवायचे. खरं कोणाला सांगितलं नाही. ते पत्र फाटलं हे मला सोयीचं झालं होतं.

महिन्याभराने कामरेजचा सोबती अस्थी आणि भावाची बॅग घेऊन आला. बिचारा आईच्या पायाशी बसून रडला. पत्राबद्दल, उपासाबद्दल तो जे बोलला ते आईपर्यंत पोचलं नाही, कारण त्याला आमची बोली येत नव्हती आणि आईला त्याची फारशी कळत नव्हती. मी मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला सांगत होतो. त्यातही मी हवं तेवढंच सांगितलं.

तो गेल्यावर आईने बॅग उघडली. कपडे एकेक करून काढले, हुंगले, घडी घातली. मग कोट काढला आणि खिशात हात घातला. हातात पावाचा तुकडा आला. दगडासारखा कडक झालेला, एका बाजूने मोडलेला.

तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"कोन दिन गया तो?" तिने विचारलं.

"मंगळवारी," मी म्हणालो.

"मंजे आदला दिन सोमवार." तिने तुकड्याची मोडलेली बाजू माझ्यापुढे धरली. "आठून खायेल शे. अर्धा खाई लिधा त्यानी. सोमवार मोडा."

मी घडी घातलेला सदरा पुन्हा घडी घालायला घेतला.

"चिठ्ठीम्हा सोमवारनं काही व्हतं का? खरं सांग माले."

माझ्यापुढे दोनच उत्तरं होती. होतं म्हणालो असतो तर भाऊ सुटला असता आणि आई अडकली असती. तिच्या तोंडून निघालेल्या शब्दासाठी तो उपाशी डोंगर चढला आणि म्हाताऱ्याला फसवून पुढे गेला, हे तिला उरलेला जन्म रोज कळत राहिलं असतं. मी नंतर वाचनालयात पुस्तकं काढून पाहिली. एवढ्या उंचीवर घाईने गेलेल्या माणसाच्या छातीत पाणी भरतं, भरल्या पोटीसुद्धा भरतं, असं त्यांत होतं. उपासाचा संबंध असेल किंवा नसेल. पण तो त्या सकाळी खाली उतरला असता तर, हा प्रश्न पुस्तकांनी सोडवला नाही. आणि आईने पुस्तकं वाचली नसती.

"नाही," मी म्हणालो. "काही नव्हतं."

आईने तुकडा पदरात बांधला, खाडीवर नेऊन टाकला आणि अंघोळ केली.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक गोष्ट पक्की झाली, की भावाने परदेशात सोमवार मोडला. आई त्याची निंदा करत नव्हती. ती बायकांना सांगायची, "डोंगर चढाना व्हता, भूक लागनी व्हई. लेकरू व्हतं." बायका चुकचुकायच्या. एक म्हणाली, परदेशात गेल्यावर पोरं सोडतातच सगळं. मी आत बसून वह्या तपासत होतो. सोमवारी शाळेत मी चहा घेत होतो, आणि माझ्याबद्दल सगळे म्हणत, थोरला बघा कसा पाळतो.

भावाच्या तिकडच्या वर्षाचे जे आठ महिने उरले होते, त्यांचे सोमवार आईने त्याच्या नावाने धरले. दिवसभर पाणीसुद्धा नाही. तिचे गाल बसले, चक्कर यायला लागली. मी म्हणालो, आई, पाणी तरी घे. ती म्हणाली, "त्यानं मोडेल मालेच जोडनं पडी ना."

शेवटच्या सोमवारनंतर उद्यापन केलं. शेजारचं एक जोडपं मेहूण म्हणून जेवायला बोलावलं, मामा गावाहून आले. वरण-बट्टी केली. आईने सगळ्यांच्या आधी एक ताट वाढलं आणि भावाच्या फोटोपुढे ठेवलं. फोटो तिकडे जाण्यासाठी काढलेला, पासपोर्टचाच, मोठा करून घेतलेला. त्यात तो थोडा घाबरलेला दिसतो.

आई फोटोसमोर बसली. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि समोर माणूस असावा तसं बोलली.

"तुना सोमवार मी पुरा करात, भाऊ. देवनी तुले माफ करं. मी बी करं. आते पोटभर जेव."

मी वरणाचं भांडं घेऊन तिच्या मागे उभा होतो. त्याने 'आईला सांग' म्हणून लिहिलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. दोनच शब्द होते, मोडला नाही. तिच्या मानेची हाडं पदरातून दिसत होती.

"वाढ ना, भाचा," मामा पंगतीतून म्हणाले. "कव्हयना उभा शेस. मेहूण बठेल शे."

मी पुढे गेलो आणि वरण वाढलं.