बडे बाबूंच्या साठ गोगलगायी

बालाघाटपासून समुद्र किती लांब आहे, हे आमच्या गल्लीत फक्त बडे बाबूंना माहीत होतं. त्यांनी बायकोच समुद्राकाठची केली होती.

गुणाकर देवपुजारी हे त्यांचं नाव. कलेक्टर कचेरीत आस्थापना शाखेचे मुख्य लिपिक होते. कोणाला कुठं नेमायचं, कोणतं पद भरायचं, कोणतं रिकामं ठेवायचं, हे एकतीस वर्षं त्यांच्या फायलीतून गेलं. आशालताकाकू मालवणच्या. आमच्या भाताच्या मुलखात त्यांना सगळं मिळालं, खारं पाणी तेवढं मिळालं नाही. मग चौऱ्याहत्तर साली त्यांनी तेही माहेराहून आणवलं. दीडशे लिटरची काचेची टाकी, हवेचा पंप, तळाला वाळू, आणि एका खडकाला चिकटलेलं समुद्रफूल. म्हणायला फूल, पण तो जिवंत प्राणी. तांबूस पाकळ्या बोटांसारख्या हलायच्या. चार वाजताच्या चहाला काकू त्याला सुक्या जवळ्याचा तुकडा देत, आणि ते मूठ मिटावी तसं मिटे. देवपुजाऱ्यांच्या सोवळ्या घरात जवळा फक्त त्या फुलासाठी येतो, असं काकू सांगत. आम्ही विश्वास ठेवत असू.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात काकू गेल्या. त्या उन्हाळ्यात त्या म्हणाल्या होत्या, "एकदा मालवणले नेऊन आणा ना." वीस वर्षांत त्यांचीही भाषा आमच्यासारखी झाली होती. बडे बाबू म्हणाले, ऑडिट होऊन जाऊ दे. ऑडिट झालं.

पुढच्या वर्षी बडे बाबू रिटायर झाले आणि फुलासमोर खुर्ची टाकून बसले. काकूंच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक शंख होता, टोकाला लाल नेलपॉलिश लावलेला. तो त्यांनी सोडवून टाकीत ठेवला. मला एकदा म्हणाले, "हे फूल कायमचं मिटलं ना, तर या घरात तिचं काहीच नाही राहिलं, समजलास?" मी शेजारचा, बी.एस्सी. झालेला आणि बिनकामाचा. मान हलवली.

पण प्रेमानं दिवसातून चारदा खाणं टाकलं की पाण्यात शेवाळ होतं. काच इतकी हिरवी झाली की फूल दिसेना. काकूंच्या भावाला, नीळकंठमामांना पत्र गेलं. मामांनी उलट टपाली कळवलं: समुद्रातल्या गोगलगायी शेवाळ खातात, आणि शंखात राहणारे खेकडे उरलंसुरलं साफ करतात. बारा गोगलगायी नि तीन खेकडे पुरे. आधी थोडे सोडावे, मग बघावं.

बडे बाबूंनी पत्र माझ्यासमोर आपटलं. "बारा! अरे, जिंदगीभर मी हेच पाह्यलं. काम साठ माणसांचं, मंजूर पदं बारा, त्यातली पाच रिकामी. अन् मग वरून विचारतात, सफाई काहून नाही होत?"

"काका, पण इतक्यांना पोसणार कोण?"

"आंधळा आहेस का? एवढी हिरवळ दिसून नाही राह्यली?"

साठ गोगलगायी आणि पंधरा खेकड्यांची मागणी गेली. शहाऐंशीच्या फेब्रुवारीत नीळकंठमामा ओल्या पोत्यांसकट गोंदियाच्या छोट्या रेल्वेगाडीतून उतरले. बारदानातून खाऱ्या वाऱ्याचा वास येत होता. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "मामा, तुम्ही तर बारा लिहिलं होतं."

"लिहिलं होतं रे. पण बहिणीच्या माघारी भावोजींनी पहिल्यांदाच काही मागितलं. अठ्ठेचाळीस कमी आणले असते, तर गाव म्हणालं असतं, बहीण गेली नि जावई संपला."

असं जावयाच्या मानापायी साठ जिवांचं पोस्टिंग बालाघाटला झालं.

आठ दिवसांत काच लख्ख. बडे बाबूंनी अर्ध्या कचेरीला चहाला बोलावून टाकी दाखवली. नवव्या दिवशी भांडीवाली चंपाबाई बैठकीच्या दारातच थबकली.

"बाबूजी, मी नाही येत आतमध्ये. बाईचा शंख चालून राह्यला."

खरंच चालत होता. एका खेकड्यानं आपलं जुनं घर टाकून काकूंचा शंख अंगावर घेतला होता. लाल टोक वाळूवरून हळूहळू सरकत पुढच्या काचेशी आलं आणि थांबलं. चार वाजले होते.

मी शहाणपणा केला. "काका, चारला तुम्ही जवळा टाकता, म्हणून येतो तो खेकडा."

"चौदा आणखी आहेत. ते काहून नाही येत?"



त्यानंतर दुपारी भिंतीपलीकडून बडे बाबूंचा आवाज येऊ लागला. हळू, कचेरीत साहेबांशी बोलावं तसा अदबीचा. एकदा स्पष्ट ऐकलं: "आता कुठलं ऑडिट नाही. सांग ना, कधी निघायचं?" मग बराच वेळ नुसता पंपाचा बुडबुडा. उत्तर ऐकू येईल की काय म्हणून मी रेडिओ लावला.

इकडे टाकीत शेवाळाचा ठिपका उरला नव्हता, आणि साठ तोंडं होती. गोगलगायी काचेवरून निखळून उताण्या पडू लागल्या. बडे बाबू सकाळी चिमट्यानं मेलेल्या उचलत आणि माझ्याकडे न पाहता म्हणत, "सेवेत असताना मृत, तीन." कधी पाच. पाणी दुधाळ झालं, वास सुटला. भुकेले खेकडे एकमेकांना शंखातून ओढून काढू लागले. फूल आक्रसून सुपारीएवढं झालं.

एका दुपारी त्यांनी भिंतीवर थाप मारली. गेलो. लाल टोकाचा शंख आज काचेशी आला नव्हता. तो फुलावर चढला होता. खेकडा एकेक पाकळी खुडत होता आणि सावकाश तोंडात घालत होता.

"काढा काका त्याले!"

"तिले?" ते म्हणाले. "तिले कसं काढू रे मी?"

मी हात घालायला पुढं झालो, तर त्यांनी मनगट धरलं. खेकड्यानं आणखी एक पाकळी तोडली. बडे बाबू बघत राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला, बाही कोपरावर दुमडली आणि कचेरीतल्या कोरड्या आवाजात म्हणाले, "छाटणीत नियम एकच. शेवटी लागलेला पहिले जाते. फूल चौऱ्याहत्तरपासून आहे."

शंख त्यांनी स्वतः उचलला. तळहातावर धरला, खेकडा आत ओढला गेला, आणि मग बादलीत सोडला. मागोमाग बाकीचे चौदा. गोगलगायी चौतीस उरल्या होत्या.

"बारा ठेवायच्या?" मी विचारलं.

"बारा हिरव्या टाकीसाठी होत्या. आता खायला काय आहे? सहा."

बाकीच्या वैनगंगेत सोडू, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बी.एस्सी. परत करावी. "गोड्या पाण्यात मारू म्हणतोस?"

मामांनी कॅनमधून आणलेल्या खाऱ्या पाण्यानं अर्धं पाणी बदललं, आणि दुसऱ्या दिवशी बडे बाबू झाकणाच्या दोन बादल्या आणि सेलवर चालणारा छोटा पंप घेऊन मालवणला निघाले. काकू गेल्यापासून ते तिकडं गेलेच नव्हते. टाकी माझ्यावर सोपवली होती. रोज चारला मी जाऊन बसे. फूल मिटलेलंच. तिसऱ्या दिवशी पुढच्या काचेवर आतून टकटक झाली, दोनदा. तिथं काहीच नव्हतं. सहाही गोगलगायी मागच्या बाजूला होत्या. पंप असेल. चौथ्या दिवशी मी चार वाजता गेलो नाही, साडेपाचला गेलो.

आठवड्यानं ते आले. पॅन्टच्या पायांवर मिठाचे पांढरे डाग.

"ओहोटीला खडकांत सोडले," ते सांगू लागले. "बाकीचे मिनिटात पसार झाले. ती नाही हलली. मी बसलो. नीळकंठ म्हणे, चला, भरती येऊन राह्यली. गुडघ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा गेली. वळूनसुद्धा नाही पाह्यलं."

"काका, खेकडे कशाला वळून पाहतील?"

ते हसले नाहीत. मलाही ते बोलून बरं वाटलं नाही.

दारातून चंपाबाईनं विचारलं, "बाई गेली, बाबूजी?"

"हौ. पोचवून आलो."

तिनं पदर खोचला आणि महिन्यानं पहिल्यांदा खोली झाडली.

फूल तसंच होतं. बडे बाबू खुर्चीत बसून राहायचे; आता बोलत नव्हते, त्याचीच मला जास्त भीती वाटे. खाणं दोन दिवसांतून एकदा, चिमूटभर. अकराव्या दिवशी त्यांनी हाक मारली नाही, मीच डोकावलो. फूल उघडलं होतं. एका बाजूनं पाकळ्या पूर्ण हलत होत्या. दुसरी बाजू बोडकी, जिथून खुडलं होतं तिथं नुसते खुंट. त्यांनी तुकडा पुढं केला. फुलानं तो अर्ध्या मुठीनं धरला.

मी काहीतरी करायचं म्हणून खिशातला रुमाल काढला. काचेच्या आतल्या कोपऱ्यात हिरवट साय धरू लागली होती.

"पुसू नको," ते मान न वळवता म्हणाले.

"वाढून राह्यली काका. पुन्हा दिसणार नाही काही."

"थोडं नाही दिसलं तरी चालते. सहाजण आहेत आत, त्यांनी काय खावं?"