मावशीचं तोंड

चिमी तीन वर्षांची झाली, तरी पोटाला लावलेल्या नळीवरच वाढत होती. चमचा दिसला की मान फिरवायची. आता दवाखान्यात दिवसभराची थेरपी सुरू झाली होती. तिथेही ती तोंडाने खायला लागली नाही, तर नळी काही सुटणार नव्हती.

तिच्या मावशीचा उत्साह मात्र उतू चालला होता. चिमीने चमच्याला नुसतं बोट लावलं तरी, "लावलं गं बाई, लावलं! आता आ कर, सोने, आऽऽ!" आणि स्वतःच जबडा असा वासायची की दारातून जाणाऱ्यालाही तिच्या दाढा मोजता याव्यात. चिमी ओठ आणखी घट्ट मिटायची.

"मावशी, आग्रह नको, कौतुक नको, टाळ्या नकोत," थेरपीवाल्या बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त तिच्यासोबत जेवा."

"म्हणजे मी फार बोलते का?" मावशीने विचारलं, आणि त्यावरच बराच वेळ बोलली.

शेवटी चिमीच्या आईने हात जोडले. "अगं, माझ्या लेकीसाठी तरी गप्प बस!"

मावशी फुगली. रागारागात तिने चिमीचीच वाटी पुढ्यात ओढली आणि त्यातला भोपळ्याचा लगदा मुकाट्याने चाटूनपुसून खाऊ लागली. आपली वाटी रिकामी होतेय हे पाहून चिमी पुढे सरकली. तिने लगद्यात बोट बुडवलं आणि चोखलं. मग पुन्हा बुडवलं.

मावशीने ओठांपर्यंत आलेली आरोळी भोपळ्यासकट गिळली.

"अगं, बघितलंस का?" चिमीची आई पुटपुटली.

मावशीने डोळे वटारले. "शूऽऽ! किती बोलतेस गं, ताई!"