वन्सं आणि कुलपाच्या स्प्रिंगा

आमच्या वन्संचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. तोंडावर गोड आणि पाठीमागे वेगळं, असं मला जमत नाही.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. दारात बसवायच्या कुलपांच्या कारखान्यात खरेदी त्यांच्याकडे. साधा स्क्रूसुद्धा त्यांच्या सहीशिवाय आत येत नाही. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "वेळ कुणाला होता?" कुणाच्याही घरी गेल्या की आधी दाराची कडी लावून-काढून बघतात, मग चपला काढतात. समोरचा पडदा वाकडा असला तर त्यांना घास उतरत नाही. कारखान्यात पाठीमागे त्यांना 'ओळंबा' म्हणतात. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन लावून सोडतो, तो. नाव मी ठेवलेलं नाही, पण मला आवडतं.

आमचं वर्कशॉप घराच्या मागच्या बाजूला. तार गुंडाळायचं यंत्र, एक भट्टी आणि तेलाची टाकी, एवढाच पसारा. कुलपाचा दांडा जागेवर ढकलणारी बारकी स्प्रिंग आम्ही करतो. गुंडाळलेली तार तापवायची, तेलात विझवायची आणि पुन्हा बेताने शेकायची. ते बिनसलं की अख्खा घाणा वाया जातो. स्प्रिंग तुटते, नाहीतर मऊ पडते. सगळा माल वन्संच्याच कारखान्याला जायचा. दुसरं गिऱ्हाईक बघा म्हणून मी ह्यांच्या कानीकपाळी ओरडले. हे आपले एकच म्हणायचे, "ताई आहे ना!"

यंदा कारखान्यात कुलपं परत येऊ लागली. किल्ली फिरते, दांडा हलत नाही. एक म्हातारे गृहस्थ स्वतःच्याच न्हाणीघरात अडकले, शेजाऱ्यांनी दार फोडून बाहेर काढलं. मालक भडकले. म्हणाले, बाहेरच्यांचे नखरे पुरे, स्प्रिंगा आपणच करायच्या. पण परवडेल की नाही, ते बघून ठरवायचं काम दिलं वन्संना! झालं, आमचं घर चालणार की बंद पडणार ते आता नणंदबाई ठरवणार.

वन्संनी आमचा फोन उचलणं बंद केलं. एका दुपारी आल्या त्या थेट वर्कशॉपमध्ये. भट्टी तापायला किती वेळ लागतो, रोज पेटते का, तार कुठून येते, शेकायचा हात बसायला किती महिने गेले? पोलीस परवडले. मी चहा केला, तो तसाच ठेवून गेल्या. त्या चहाचासुद्धा मला राग आला.

मग एके दिवशी हे नाचतच आत आले. कारखान्याच्या स्टोअरकीपरने बातमी दिली होती. वन्संनी मालकांना साफ सांगितलं, स्वतः करू नका. आपल्याला लागणाऱ्या स्प्रिंगा आठवड्यातल्या एका दिवसात होतील, उरलेले दिवस भट्टी थंड आणि माणूस बसून. रोज हेच करणाऱ्याकडून घेतलेल्या बऱ्या. "बघ," हे म्हणाले, "शेवटी रक्ताचं नातं आहे!" मलाही भरून आलं. मनात वन्संची माफीसुद्धा मागून झाली.

संध्याकाळी वन्सं आल्या. कडी बघितली नाही, सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि भावाला म्हणाल्या, "माल बाहेरूनच घ्यायचं ठरलंय. पण तुझ्याकडून नाही."

माझा तोल सुटला. "भावाच्या पोटावर पाय देताना काही वाटलं नाही तुम्हाला? घर कशाशी खातात ते कळायला घर असावं लागतं, वन्सं!"

त्यांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

"पेट्या कोण भरतं?" त्यांनी विचारलं.

"हे भरतात."

"मग त्याला विचार, वरच्या थरात कडक स्प्रिंगा आणि खाली मऊ कशा येतात."

ओट्याकडे बघत हे हळूच म्हणाले, "एक घाणा बिघडला होता. फेकणं जिवावर आलं. तिथे कारखान्याच्या दारावर आपली पेटी कुणी तळापर्यंत बघत नाही, ताईच्या भावाची म्हणून..."

"एकच घाणा?" वन्संनी विचारलं.

हे स्वच्छ ओटा फडक्याने पुसू लागले.

"माझा भाऊ म्हणून पेटी वरवर बघून घेत होते, हे मला माहीतसुद्धा नव्हतं रे," वन्संचा आवाज फाटला. "सगळ्यांची पेटी मी तळापर्यंत उलटी करायला लावते. तुझीच तेवढी तशी जात होती. माझ्या नावावर!"

"पण ताई, तू 'स्वतः करा' म्हणाली असतीस तर स्प्रिंगांचा नवा विभाग तुलाच मिळणार होता ना?" हे पुटपुटले. "स्टोअरकीपर सांगत होता."

"मिळाला असता. भट्टी थंड राहिली असती, त्याचं काय?"

माझा राग कमी झाला नाही, फक्त वन्संवरून उठून ह्यांच्यावर बसला. मी तोंड उघडणार, तोच वन्सं म्हणाल्या, "नवा माणूस ठरवायला नमुने मागवलेत. कुणीही पाठवावेत."

"मी पाठवीन," मी म्हटलं. "माझ्या नावाने. आणि हे भट्टीला हात लावणार नाहीत."

"पाठव," एवढंच बोलून त्या गेल्या.

भट्टीशी मी याआधीही उभी राहिले होते, पण ह्यांच्या हाताखाली. आता एकटीने घाणा काढला, मूठभर निवडून नमुना पाठवला. तो नापास होऊन आला. मी फोन लावून वन्संना वाट्टेल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मऊ आहेत. पुन्हा कर."

मी फोन आपटला. त्याच घाण्यातल्या उरलेल्या स्प्रिंगा कोपऱ्यात पेटीत होत्या. "यातल्या निम्म्या तरी चालतील गं," हे म्हणाले. मी पेटी उचलली आणि ह्यांच्या डोळ्यांदेखत सगळी भंगारात ओतली.