विहिरीच्या पुस्तकातली बाई

बायको गेली तेव्हा एक गोष्ट अर्धी राहिली. संसाराबद्दल नाही बोलत मी. पुस्तकातली गोष्ट.

धुळ्याला एका कॉलेजच्या लायब्ररीत ती झाडलोट करायची, मी जिनिंगमध्ये कापसावर. माझी शाळा चौथीत सुटली. दुकानाची पाटी वाचतो, पण पूर्ण पान वाचायचं म्हटलं की डोळ्याला धार लागते. तिची सातवी झालेली. झाडणाऱ्या बाईला पुस्तक घरी न्यायची सोय नव्हती. तरी तिथला कारकून भला माणूस, कोणी मागत नाही असलं एखादं पुस्तक तो तिला नेऊ द्यायचा. भाकरी झाल्यावर ती भिंतीला टेकून वाचायची, मी आडवा पडून ऐकायचो, पुस्तकाचं वरचं चित्र बघत. मधेच थांबायची.

"ऐकी राहयनात का निजी गयात?"

"ऐकी राहयनू. तू वाच."

असं कितीतरी वर्षं चाललं. शेवटच्या पुस्तकात एक बाई होती. तिची मोठी बहीण लग्न होऊन साक्रीकडे गेलेली आणि काही झालं म्हणून माहेरानं तिचं नाव टाकलेलं. एक दिवस ही बाई भाकऱ्या बांधून, घरात कोणाला न सांगता, तिला शोधायला निघते. गावोगाव विचारत जाते. कोणी हाकलतं, एकानं तर कुत्रं सोडलं. शेवटी एका गावाबाहेर, विहिरीवर, पाणी शेंदणारी बाई दिसते. पाठमोरी. ही तिला हाक मारते.

तिथं बायकोनं पुस्तक मिटलं. "बाकीनं सकाय," म्हणाली.

ती सकाळ आली तेव्हा तिला दम लागलेला. सिव्हिलला नेलं. तिथून ती घरी आली नाही. पुस्तक कॉलेजचं, ते तिच्याबरोबर झाडणारी बाई येऊन घेऊन गेली. त्या वेळेला मला कशाचंच भान नव्हतं.

नंतर दिवसभर एकच डोक्यात. ती बाई वळली का? बहीणच होती का? सांगणारी गेली, पुस्तक तरी सापडायला पाहिजे होतं.

दिवसकार्य उरकल्यावर मुलगी मला जळगावला तिच्या घरी घेऊन आली. ती कॉम्प्युटरवर काम करते, घरूनच. काय करते विचारलं तर म्हणाली, लायब्ररी लिहितेय, रुबीमध्ये. मी म्हटलं रुबी अंगठीत असते. म्हणाली ती वेगळी, ही कॉम्प्युटरची भाषा. मग नीट सांगितलं. कॉलेजांच्या पुस्तकांची माहिती आता कॉलेजात नसते. कुठल्याशा कंपनीच्या मशीनवर भाड्यानं ठेवलेली असते. पोरगा कॉलेजात बसून पुस्तक शोधतो तेव्हा कॉलेजचं कॉम्प्युटर तिकडं विचारतं, आणि तिकडून उत्तर येतं. विचारायचं कसं, ओळख कशी पटवायची, आलेलं उत्तर उलगडायचं कसं, तेवढा तुकडा ती तिच्या कंपनीसाठी लिहीत होती, त्यालाही लायब्ररीच म्हणतात. आणि ज्या कॉलेजांसाठी ते चाललेलं, त्यात धुळ्याचं ते कॉलेजही होतं.

मी लगेच खुर्ची ओढली.

"नाना, पुस्तकनं नाव काय शे?"

"माले काय माहीत."

"लिखणारं कोन?"

"तुनी मायले इचार."

 बोलायला नको होतं, पण बोलून गेलो.

तिनं शोधायच्या चौकटीत 'बहीण' लिहिलं, 'माहेर' लिहिलं, शोध, विहीर, सगळं एकत्र टाकलं. उत्तर शून्य. तिला वाटलं आपलाच तुकडा चुकतोय. प्रश्न पाठवताना त्यावर आपली गुप्त किल्ली लावून सही करावी लागते, घड्याळ मागंपुढं असलं तरी तिकडचं मशीन दारातनं परत पाठवतं. तिनं ते सगळं तपासलं. मग फक्त याच कॉलेजची पुस्तकं दाखव ही अट काढली, तर जगभरचा कचरा आला. गोष्ट नाही. पुन्हा अट घातली, पुन्हा शून्य.

"कंपनीला काय देऊ मी हे?" तिनं कपाळाला हात लावला. "असलेलं पुस्तक सापडत नाही."

मी म्हटलं, "चित्रं येतात का? वरची?"

येत होती. तिनं त्या कॉलेजची मराठी पुस्तकं मागवली. उत्तर एकदम येत नाही, एक पान येतं, मग पुढचं मागायचं. मला दाबायचं बटण दाखवलं. जन्मभर पिवळा पडलेला कापूस नजरेनं वेगळा काढला मी, हे काय. जेवण करून बसायचो, ती दुसरीकडे काम करायची. एका दुपारी आलं. विहीर, दोर, लाल काठाचं लुगडं, पाठमोरी बाई.

"हाईच."

मुलीनं बघितलं. चित्राखालचं नाव वाचलं.

"नाना, हाई त विहीर खोदानं पुस्तक शे. शेतकीनं."

"चित्र तेच शे. चाल, लई येऊत."

एस.टी.नं धुळ्याला गेलो. कारकून तोच, बायकोला अक्का म्हणणारा. मला बघून उठून उभा राहिला. पुस्तक काढून दिलं, म्हणाला, "अक्कांशिवाय हे कोणी नेलंच नाही." ती पुसायची त्याच टेबलावर बसलो. मुलीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली. दगड कुठला, खोली किती, बांधकाम कसं, आकृत्या. बाई फक्त वर, चित्रात.

शेवटाकडच्या पानांत दिव्याची वात ठेवलेली होती. तिची. ती अशीच खूण ठेवायची.

"तठून वाच."

मुलगी वाचायला लागली. जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडावा. तो विझला तर माणसानं आत उतरू नये.

ती थांबली. "म्हणजे शून्य बरोबर होतं," म्हणाली, "माझं चुकलं नव्हतं." आणि तिथंच रडायला लागली.

मला राग आला. कशाला लपवू. इतकी वर्षं ऐकलेल्यातलं कुठलं पुस्तकात होतं आणि कुठलं नव्हतं? हातात असली पुस्तकं, कोणी न मागितलेली, मी आडवा पडलेला, मग तिनं काय वाचायचं? खताचे भाव?

बसमध्ये पारोळ्याच्या अलीकडे आठवलं. आमच्या लग्नात तिच्या मावशीनं विचारलं होतं, थोरली कुठाय? सासऱ्यानं तिथंच तोडलं होतं, आम्हाला एकच पोर. मी नवरदेव, मला कोण सांगणार. ती स्वतः त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. पुस्तक हातात धरूनच बोलली.

मुलीला सांगितलं.

"पुढं काय झालं असंल, मी सांगू, नाना?"

"नको. तुला माहीत नाही."

तिचं काम कंपनीनं घेतलं. कॉलेजची पोरं आता त्यावर शोधत असतील. कधी जेवण झालं की मी म्हणतो, ते चित्र काढ. ती काढते. बाई तशीच उभी असते, दोर हातात, तोंड पलीकडे.

थोडा वेळ बघतो. मग म्हणतो, बंद कर.